अटकेची नोंद कोणासाठी? अमेरिकेतील काउंटी तुरुंगांचे अभिलेख आणि माहितीचा अधिकार

एखाद्या व्यक्तीस पोलिसांनी ताब्यात घेतले तर ती कोठे आहे, कोणत्या आरोपावरून आहे आणि तिला कोणी अटक केली, हे सांगण्यास शासन बांधील असते काय? लोकशाही देशांत या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच दिले जाते. मात्र ही माहिती कोणाला सांगावी, किती सांगावी आणि किती काळ सांगत राहावी, या तीन उपप्रश्नांची उत्तरे देशागणिक बदलतात. अमेरिकेने पहिल्या दोन प्रश्नांना अत्यंत उदार उत्तरे दिली. तिसरा प्रश्न मात्र संगणकयुग येईपर्यंत तेथे फारसा कोणी विचारलाच नाही. त्या देशातील काउंटी तुरुंगांच्या प्रवेश-नोंदी आणि त्यांसोबत काढले जाणारे छायाचित्र, म्हणजेच 'मगशॉट', यांचा अभ्यास माहितीचा अधिकार, खासगीपणाचा अधिकार आणि माहितीचे अर्थशास्त्र या तिन्ही दृष्टींनी उद्बोधक आहे. राज्यव्यवस्था, लोकप्रशासन आणि नीतिशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना त्यात एकाच उदाहरणातून अनेक संकल्पना पडताळून पाहता येतात.

काउंटी, शेरीफ आणि तुरुंग

काउंटी हा अमेरिकेतील राज्याखालील प्रशासकीय घटक होय. आपल्याकडील जिल्ह्याशी त्याची स्थूलमानाने तुलना करता येईल. अशा काउंट्या ३,१०० हून अधिक आहेत. लुइझियाना राज्यात त्यांना 'पॅरिश' म्हणतात. बहुतेक काउंट्यांत तुरुंगाचा कारभार शेरीफ या अधिकाऱ्याकडे असतो आणि तो बहुधा लोकनिर्वाचित असतो. ही बाब महत्त्वाची आहे. आपल्याकडील कारागृह अधीक्षक राज्य शासनाला उत्तरदायी असतो, तर शेरीफ थेट मतदारांना. त्यामुळे अभिलेख कसे ठेवावेत आणि किती खुले करावेत, याबाबत एका काउंटीची पद्धत शेजारच्या काउंटीशी जुळेलच असे नाही.

अमेरिकी व्यवहारात 'जेल' आणि 'प्रिझन' हे शब्द समानार्थी नाहीत. प्रिझनमध्ये दीर्घ शिक्षा झालेले कैदी असतात आणि ती राज्याची किंवा संघराज्याची असतात. जेल ही स्थानिक संस्था असून तेथे नुकतीच अटक झालेले, जामिनाच्या प्रतीक्षेत असलेले आणि सामान्यतः एक वर्षापर्यंतची शिक्षा भोगणारे लोक ठेवले जातात. २०२३ च्या मध्यास स्थानिक तुरुंगांत सुमारे ६ लाख ६४ हजार व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी जवळपास ७० टक्के व्यक्तींचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्याआधीच्या बारा महिन्यांत तुरुंग-प्रवेशांची संख्या मात्र सुमारे ७६ लाख होती. साठा आणि प्रवाह यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास लगेच जाणवेल. तुरुंगात एका वेळी असणारे लोक मोजके. पण तुरुंगाच्या दारातून आत-बाहेर होणारे आणि म्हणून नोंदवहीत व छायाचित्रांत कायमचे उमटणारे लोक कितीतरी पट अधिक. त्यांतील अनेकजण एक-दोन दिवसांत सुटतात, नोंद मात्र राहते.

नोंदीचे स्वरूप

अटक झालेल्या व्यक्तीस तुरुंगात आणल्यानंतर होणाऱ्या प्रक्रियेस 'बुकिंग' म्हणतात. नाव, जन्मतारीख, शारीरिक वर्णन, अटकेचा दिनांक व वेळ, अटक करणारी यंत्रणा, आरोप, जामिनाची रक्कम आणि नोंदीचा क्रमांक या बाबी लिहिल्या जातात. बोटांचे ठसे घेतले जातात, अंगावरील वस्तूंची यादी होते, प्रकृतीविषयी प्रश्नावली भरली जाते आणि समोरून तसेच बाजूने छायाचित्र काढले जाते. छायाचित्राची ही रीत फ्रान्समधील आल्फाँस बेर्तियाँ यांनी १८८० च्या दशकात प्रमाणित केली. ओळख पटवणे एवढाच तिचा हेतू होता.

येथे तीन प्रकारच्या अभिलेखांत गल्लत होऊ देऊ नये. तुरुंग-प्रवेशाची नोंद ही शासनाने काय केले याची नोंद आहे. न्यायालयीन अभिलेख हा आरोपाचे पुढे काय झाले ते सांगतो. गुन्हेविषयक एकत्रित इतिवृत्त, ज्यास तेथे 'रॅप शीट' म्हणतात, ते अनेक ठिकाणच्या नोंदी जोडून तयार होते. पहिल्या अभिलेखावरून दोषसिद्धीचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. व्यवहारात मात्र सर्वांत अधिक पाहिला जातो तो हाच.

नोंद शोधण्याची आणि मागण्याची रीत

सर्व काउंट्यांची मिळून एकच अधिकृत राष्ट्रीय यादी अस्तित्वात नाही. म्हणून शोधाची सुरुवात 'कोणती काउंटी?' या प्रश्नापासून होते. व्यक्ती जेथे राहते ती नव्हे, तर जेथे अटक झाली ती काउंटी पाहावी लागते. बहुसंख्य शेरीफ कार्यालये सध्या कोठडीत असलेल्या व्यक्तींची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. नाव, जन्मतारीख किंवा नोंदीचा क्रमांक यांवरून तीत शोध घेता येतो. काही कार्यालये छायाचित्रही दाखवतात. काही सुटकेनंतर नोंद काढून टाकतात, तर काही ती दीर्घकाळ ठेवतात. अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या सहा राज्यांत तुरुंगव्यवस्था राज्यस्तरावर एकत्रित आहे. तेथे काउंटीऐवजी राज्याच्या सुधारगृह विभागाकडे चौकशी करावी लागते.

यादीत न सापडणारी वा जुनी नोंद हवी असल्यास लेखी अर्ज करावा लागतो. १९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा केवळ संघराज्याच्या यंत्रणांना लागू आहे, काउंटी शेरीफला नाही. परीक्षेत या मुद्द्यावर हमखास चूक होते. काउंटीस लागू होतो तो त्या त्या राज्याचा अभिलेख कायदा. टेक्सासमध्ये माहिती तत्परतेने द्यावी लागते आणि ती रोखावयाची असल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत राज्याच्या महाधिवक्त्याचे मत मागवावे लागते. अटक झालेली व्यक्ती, अटक आणि गुन्हा यांविषयीची मूलभूत माहिती तर रोखताच येत नाही. कॅलिफोर्नियात दहा दिवसांत निर्णय कळवणे बंधनकारक आहे. न्यूयॉर्कमध्ये कामकाजाच्या पाच दिवसांत अर्जाची दखल घ्यावी लागते. शुल्क सामान्यतः प्रत काढण्याच्या खर्चाइतके असते. फ्लोरिडात ते साध्या पानास १५ सेंटपर्यंत आहे. अर्जात व्यक्तीचे पूर्ण नाव, अटकेचा अंदाजे दिनांक आणि हवा असलेला नेमका दस्तऐवज नमूद केल्यास काम सुकर होते. अल्पवयीनांच्या नोंदी सहसा खुल्या नसतात.

अर्ज कोणी करावा यावरही मर्यादा असू शकते. 'मॅकबर्नी विरुद्ध यंग' या २०१३ च्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याची भूमिका मान्य केली. राज्य आपला अभिलेख कायदा स्वतःच्या नागरिकांपुरता सीमित ठेवू शकते, असा हा निर्णय आहे. आपल्या २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ३ हेही अधिकार नागरिकांनाच देते, हे या संदर्भात आठवावे.

परदेशी नागरिकांबाबत वेगळी अडचण येते. स्थलांतरविषयक कारणांसाठी ताब्यात घेतलेल्या अनेकांना करारान्वये काउंटीच्या तुरुंगातच ठेवले जाते. परंतु त्यांची माहिती देण्यास संघराज्याच्या नियमांनुसार स्थानिक तुरुंगांना मनाई आहे. ती स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणेकडूनच मिळवावी लागते. महाराष्ट्रातून तेथे शिकण्यास वा नोकरीस गेलेल्या व्यक्तीचा शोध घेणाऱ्या कुटुंबाची काउंटीच्या यादीत नाव नसल्यामुळे दिशाभूल होऊ शकते, ती यामुळेच. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारातील कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परदेशी व्यक्तीस आपल्या वाणिज्यदूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि तसे तिला विनाविलंब सांगणे बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने याच कलमाचा आधार घेतला होता आणि जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचे नमूद केले.

खुलेपणाचा मूळ हेतू

अटकेच्या नोंदी खुल्या का ठेवल्या गेल्या? गुप्त अटक हे निरंकुश सत्तेचे जुने हत्यार आहे आणि इंग्लंडच्या १६७९ च्या बंदी प्रत्यक्षीकरण कायद्यापासून त्याविरुद्धचा उपाय एकच राहिला आहे : ज्याला धरले त्याला दाखवा आणि का धरले ते सांगा. अर्थात नोंद खुली ठेवण्यामागे लक्ष ठेवायचे होते ते शासनावर, कैद्यावर नव्हे.

या खुलेपणाचे मोल टेक्सासमधील वॉलर काउंटीच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. १० जुलै २०१५ रोजी सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय तरुणीस वाहतूक नियमभंगाच्या किरकोळ कारणावरून थांबवण्यात आले आणि पुढे अटक झाली. जामीन ५,००० डॉलरचा होता. सुटकेसाठी त्याचा सुमारे दहावा हिस्सा भरणे पुरेसे होते. तेवढी रक्कम वेळेत उभी राहिली नाही आणि १३ जुलै रोजी ती कोठडीत मृतावस्थेत आढळली. तुरुंग-प्रवेशाच्या वेळी भरलेले प्रश्नावलीचे कागद नंतर जाहीर झाले. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद त्यांत होती, तरीही आवश्यक ती देखरेख झाली नव्हती. हे कागद दडपले गेले असते तर चर्चा तर्कवितर्कांपलीकडे गेली नसती. २०१७ मध्ये टेक्सासने तिच्या नावाने कायदा केला आणि मानसिक आरोग्याची तपासणी, कोठडीतील मृत्यूची स्वतंत्र चौकशी यांसारख्या तरतुदी त्यात आल्या.

दुसरा हेतू पीडितांच्या सुरक्षिततेचा आहे. १९९३ च्या अखेरीस केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे एका तरुणीची हत्या झाली. तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून तुरुंगात असलेला इसम जामिनावर सुटला होता आणि हे तिला कोणी कळवलेच नव्हते. त्यातून १९९४ मध्ये त्या काउंटीत कैद्याच्या सुटकेची सूचना पीडितास आपोआप देणारी यंत्रणा सुरू झाली. पुढे ती बहुतेक राज्यांत पसरली. ही यंत्रणा तुरुंगाच्या ताज्या नोंदींवरच चालते.

या दोन्ही उदाहरणांत माहितीचे मूल्य तासांत आणि दिवसांत मोजावे लागते. कुटुंबाला, वकिलाला आणि पीडितेला ती त्या क्षणी हवी असते. पाच वर्षांनी तीच नोंद या कामांसाठी जवळजवळ निरुपयोगी होते. तिच्यामुळे होणारी हानी मात्र काळाबरोबर घटत नाही. आरोप मागे घेतला गेला असेल, तर ती अधिकच अन्यायकारक ठरते. लाभ झपाट्याने ओसरणारा आणि हानी टिकून राहणारी अशी ही वस्तू आहे. अमेरिकी राज्यांच्या कायद्यांनी या दोन्हींना एकाच मापाने मोजले, आणि तेथेच बाजाराला वाव मिळाला.

नोंदीचा बाजार

कागदी नोंदवहीच्या काळात व्यक्तीचे संरक्षण कायदा करीत नव्हता. शोधण्याचा खर्च ते करीत होता. काउंटीच्या कार्यालयात जावे, वही मागावी, पाने चाळावीत, एवढा खटाटोप सहज कुतूहलापोटी कोणी करीत नसे. संगणकीकरणाने हा खर्च शून्याजवळ आला. २०१० च्या सुमारास काही खासगी संकेतस्थळांनी शेरीफ कार्यालयांच्या याद्यांतून लक्षावधी छायाचित्रे आपोआप उचलून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ती काढून टाकण्यासाठी संबंधित व्यक्तीकडून पैसे मागितले जात. कच्चा माल करदात्यांच्या पैशातून तयार झालेला व फुकट मिळालेला, झीज मात्र तिसऱ्याची. बाह्यतेचे इतके निर्भेळ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते. शिवाय एका स्थळाला पैसे दिल्याने छायाचित्र दुसऱ्यावरून हटत नाही. प्रतीची किंमत शून्य असलेल्या वस्तूबाबत खंडणी एकदा देऊन संपत नाही.

मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी 'मगशॉट्स डॉट कॉम' या स्थळाच्या चार कथित चालकांवर खंडणी, ओळखचोरी आणि आर्थिक अफरातफरीचे आरोप ठेवले. तीन वर्षांत देशभरातील सुमारे ५,७०० व्यक्तींकडून २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम घेतल्याचे आरोपपत्रात म्हटले होते. तत्पूर्वी २०१३ मध्ये गूगलने शोध-क्रमात अशा स्थळांना खाली ढकलले आणि काही देयक कंपन्यांनी त्यांच्याशी व्यवहार थांबवले. कायदा जे वर्षानुवर्षे करू शकला नव्हता, ते काही खासगी कंपन्यांच्या निर्णयाने काही आठवड्यांत साधले. ही गोष्ट समाधानाची की चिंतेची, यावर दुमत होऊ शकते.

पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीचा खटला शासनाच्या स्वतःच्या जबाबदारीवर बोट ठेवतो. त्या काउंटीने १९३८ पासून तुरुंगात आलेल्या व्यक्तींच्या नोंदी संकेतस्थळावर शोधण्यायोग्य करून टाकल्या. एका व्यक्तीस १९९८ मध्ये अटक झाली होती आणि तिचा अभिलेख २००० मध्ये न्यायालयीन आदेशाने पुसला गेला होता. तरीही पुढे तो छायाचित्रासह लोकांसमोर आला. २०१९ मध्ये ज्युरीने सुमारे ६७,००० व्यक्तींच्या गटासाठी प्रत्येकी १,००० डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली.

सर्वांनाच हे छायाचित्र हानिकारक ठरते असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जॉर्जियातील फुल्टन काउंटी तुरुंगात डोनाल्ड ट्रम्प यांचे छायाचित्र निघाले, तेव्हा त्यांच्या प्रचारयंत्रणेने ते कपड्यांवर व पेल्यांवर छापून निधी उभारला. तो खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. ज्याच्याजवळ आधीच प्रतिष्ठा व साधने आहेत त्याला हा कलंक विकता येतो. वेटर किंवा ट्रकचालक म्हणून नोकरी शोधणाऱ्यास तो विकत घेऊन पुसावा लागतो.

न्यायालये आणि विधिमंडळे

अमेरिकी न्यायालयांची भूमिका प्रारंभी कठोर होती. 'पॉल विरुद्ध डेव्हिस' या १९७६ च्या प्रकरणात पोलिसांनी दुकानांतून चोरी करणाऱ्यांची म्हणून छायाचित्रांसह यादी वाटली होती. केवळ प्रतिष्ठेची हानी म्हणजे राज्यघटनेने संरक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८९ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने एकत्रित गुन्हे-इतिवृत्त देण्यास संघराज्याच्या यंत्रणांना नकार देता येतो असा निर्णय दिला. निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेले कागद खुले असले, तरी त्यांचे संकलन ही वेगळीच वस्तू होते, हा विचार त्यामागे होता. शोधखर्चाचा वर उल्लेखिलेला मुद्दा न्यायालयाने वेगळ्या भाषेत मान्य केला, असे म्हणता येईल. संघराज्याच्या ताब्यातील छायाचित्रांबाबत सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ती खुली ठरवली होती. २०१६ मध्ये पूर्ण पीठाने तो निर्णय फिरवला.

राज्यांनी वेगवेगळे मार्ग चोखाळले. पैसे घेऊन छायाचित्र हटवण्यास जॉर्जियासह अनेक राज्यांनी २०१३ पासून बंदी घातली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तुरुंग-प्रवेशाची नोंद व छायाचित्र जाहीर करणे खासगीपणावरील अतिक्रमण मानले आणि तपासाच्या गरजेपुरता अपवाद ठेवला. युटाने २०२१ मध्ये दोषसिद्धीपूर्वी छायाचित्र देण्यावर निर्बंध आणले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अहिंसक गुन्ह्याच्या संशयितांची छायाचित्रे पोलिसांनी समाजमाध्यमांवर टाकण्यास मनाई केली. तेथे नाव, आरोप व जामीन ही माहिती मात्र खुलीच आहे. शासनाची कृती तपासण्यासाठी चेहऱ्याची गरज क्वचितच भासते, हे ओळखणारा कॅलिफोर्नियाचा मार्ग अधिक समंजस वाटतो. न्यूयॉर्कचा मार्ग पत्रकारांच्या हातचे साधनही काढून घेतो.

लपवण्याने सर्व साधते असे नाही

खुलेपणाची किंमत रोजगाराच्या बाजारात मोजली गेली आहे. समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखीच पात्रता असलेल्या श्वेतवर्णीय उमेदवारांपैकी निष्कलंक असलेल्यांना ३४ टक्के, तर दोषसिद्धी सांगणाऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून पुढील बोलावणे आले. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण अनुक्रमे १४ व ५ टक्के होते. दोषसिद्धीचा कलंक असलेला श्वेतवर्णीय निष्कलंक कृष्णवर्णीयापेक्षा वरचढ ठरला!

यावरून कोणी म्हणेल की अर्जातील गुन्ह्याविषयीचा रकानाच काढून टाकावा. न्यूजर्सी आणि न्यूयॉर्क शहरात तसे झाले. अमांडा अगान व सोन्या स्टार यांनी सुमारे १५,००० काल्पनिक अर्ज पाठवून त्याचा परिणाम अभ्यासला. रकाना असताना श्वेतवर्णीयांना कृष्णवर्णीयांपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक बोलावणी येत. रकाना काढल्यावर ही तफावत सुमारे ४३ टक्क्यांवर गेली. व्यक्तीविषयी माहिती मिळेनाशी झाली की मालक समूहाविषयीच्या समजुतीवर विसंबतात. यालाच सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. म्हणून प्रश्न 'उघड की गुप्त' असा दुपदरी नाही. माहिती जुनी झाल्यावर तिचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. १९७० च्या पतअहवाल कायद्याने सात वर्षांहून जुनी अटक अहवालात दाखवण्यास, काही अपवाद वगळून, मनाई केली होती. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ठरावीक अभिलेख अर्जाविना आपोआप सीलबंद करण्याचा कायदा प्रथम केला. दोन्ही कायद्यांनी नोंदीला आयुर्मर्यादा दिली.

भारतातील व्यवस्था

भारतात अटकेच्या माहितीचा पाया राज्यघटनेचे कलम २२ आणि डी. के. बसू प्रकरणातील डिसेंबर १९९६ चा निकाल यांत आहे. त्या निकालातील अटक पंचनामा, नातेवाइकांस सूचना व नियंत्रण कक्षात माहिती लावणे हे निर्देश पुढे दंड प्रक्रिया संहितेत आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले. जीवित वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ७(१) मधील तरतूद अटकेच्या प्रसंगी विशेष उपयोगी पडते. प्रथम माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१६ चा आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. छायाचित्रे व मापे २०२२ च्या दंड प्रक्रिया (ओळख) अधिनियमाखाली ७५ वर्षे जतन होतात, परंतु ती लोकांसाठी खुली नाहीत. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास, न्यायालयाने अन्यथा आदेश दिला नसेल तर, ती नष्ट करावयाची असतात.

२०२२ अखेरीस देशातील तुरुंगांतील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. अमेरिकी काउंटी तुरुंगांशी हे साम्य लक्षणीय आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तींची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, अंकीय पद्धतीनेही, प्रदर्शित करावयाचे आहे. फलकावरील कागद काही दिवसांनी बदलला जातो. अंकीय स्वरूपात लावलेले नाव केव्हा उतरवावे, याविषयी कलम ३७ मध्ये एकही शब्द नाही.